मुका म्हणजे काय, काकू?

मंडळी, आज इथं आखातात, अल मजाजला एका मित्राकडे निघालो होतो. वाटेत खाडीच्या काठावर गवतात पाच-सहा मराठी बायका लोकर घेऊन बसलेल्या दिसल्या आणि मित्र राहिला बाजूला. आपलं हे नेहमीचंच.

क्रोशाचा ग्रुप होता, दर शनिवारी जमतात म्हणे. त्यातल्या मेधाकाकूंनी हातात सुई देऊन मला बसवलंच. शेजारी त्यांची शाळकरी लेक स्वरा, मोबाईलमध्ये. काकू हळूच म्हणाल्या, "हिला कधीपासून शिकवायचंय रे, पण माझ्याशी धड बोलेल तर शपथ. नुसतं येस आणि नो."

मग माझा धडा सुरू झाला. "दोन साखळ्या घाल. आता एक मुका."

मी दचकलो. "मुका? इथं, सगळ्यांसमोर?"

बायका हसून लोळायच्या बाकी. "अरे मेल्या, मुका खांब! बुटका टाका असतो तो!"

स्वराने मान वर केली. "ममा, व्हॉट्स मुका?"

काकूंनी लाजत दोन्ही अर्थ सांगितले. एक न बोलणारा, दुसरा गालावरचा.

"सो इट्स अ सायलेंट किस?" स्वरा खुदकन हसली, मोबाईल गवतात ठेवला आणि म्हणाली, "शो मी."

मी निघालो तेव्हा ती आईला टेकून पुटपुटत होती, "साखळी, साखळी, मुका." काकू तिच्याकडेच बघत होत्या. स्वतःचा टाका सुटलाय, याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

मित्र चिडलाय. यल्ला, चला, त्याला उद्या भेटू. तुमच्या घरात आहे का असा एखादा शब्द, ज्याने कोणीतरी मोबाईल खाली ठेवला?