आप्पांच्या गाडीचे गिअर

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर टॅक्सी चालवली. आमची बाकी सगळी माणसं शिवणकामात. आप्पांनी मात्र सुई कधी धरली नाही. कानडी मुलखातल्या आमच्या शहरात, गोकुलम भागात योग शिकायला आलेले परदेशी लोक बैलकुप्प्याचे तिबेटी मठ बघायला त्यांच्याच गाडीतून जायचे. मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करतो. आप्पांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा क्लच नसलेली गाडी मीच त्यांना घ्यायला लावली.

मागच्या वर्षी ते वैतागूनच माझ्या गॅरेजात आले.

“तिसऱ्या-चौथ्या गिअरात नुसती नाचते रे. सपाट रस्त्यावर झटके! पॅसेंजर काय म्हणतील?”

स्कॅनर लावला. एकाही बिघाडाची नोंद नव्हती. ऑइल स्वच्छ, पातळी बरोबर. गिअर बदलणारे सोलेनॉइड एकेक करून तपासले. मग स्वतः रिंग रोडला फिरवून आणली. कुठे जरासुद्धा अडखळली नाही.

“मी चालवतो, मग बघ,” आप्पा म्हणाले.

ते चालवायला बसले, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. हुणसूर रस्त्याला लागलो आणि खरंच झटके सुरू झाले. स्क्रीनवर अ‍ॅक्सिलरेटरची रेघ सारखी वरखाली होत होती. रेघ चढली की गिअरबॉक्स खालचा गिअर टाकायचा, उतरली की वरचा. मला हायसं वाटलं. पेडलचा सेन्सर गेला असणार, एवढंच.

नवा सेन्सर बसवून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्याला निघालो. रेघ तशीच.

“नोडु, नोडु! बघ, दिला की नाही झटका?” आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद होता त्यांना.

मी स्क्रीनवरून नजर काढून खाली बघितलं. पेडलवर त्यांचा उजवा पाय थरथरत होता.

“गाडी बाजूला घ्या, आप्पा.”

“सापडलं?”

“हो.”

इंजिन बंद केलं तरी पाय हलतच होता. त्यांच्या गुडघ्यावर मी नुसता हात ठेवला. आप्पांनी खाली बघितलं आणि बघतच राहिले.

“गाडीत काहीच नाही?”

“नाही.”

“हौदा? असं होय?” एवढंच म्हणाले. मग हळूच, “मागे बसणाऱ्यांना कळलं असेल का रे?”

मी नाही म्हणालो.

त्यांनी चावी माझ्या हातात दिली. मी वळसा घालून स्टिअरिंगवर बसलो. मला वाटलं, ते शेजारी येतील. त्यांनी मागचं दार उघडलं. येताना आरशात बघायचं मी टाळत होतो. अग्रहारात, जिथे मी जन्मलो त्या गल्लीच्या तोंडाशी, ते मागून म्हणाले, “इथे डावीकडे घ्या.”

घ्या म्हणाले. मला.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. थरथर थोडी कमी झाली, पण आप्पांनी पुन्हा स्टिअरिंग धरलं नाही. परवा तपासणीला नेताना मी पुढचं दार उघडून धरलं.

“राहू दे,” म्हणाले, आणि मागे जाऊन बसले.