विजयाताई आणि जपानचा डबा

फोन आला तेव्हा मी आमच्या वेअरहाउसमध्ये डिस्पॅचच्या टेबलापाशी मास्क लावून उभा होतो. फोन मानसीचा होता, विजयाताईंच्या मुलीचा. ती कॅनबेराला, गुंगालिनमध्ये राहते, सरकारी खात्यात आहे आणि कामाच्या वेळात कधीही फोन करत नाही. "समीर, आई गेली," ती म्हणाली. "झोपेतच. सकाळी फोन उचलेना म्हणून मी शेजारच्या आन्टींना पाठवलं..." मग एकदम कामाचा स्वर. "मी तिकडे येऊ शकते, पण परत घरी येऊ देतील का, हे कुणी सांगत नाहीये. मुलं लहान आहेत रे. तू जाशील का? तू फाइव्ह के मध्ये आहेस ना?" मेलबर्नचा दुसरा लॉकडाउन चालू होता, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा हुकूम होता. ट्रुगानिनात आमचं घर ताईंच्या मागच्याच गल्लीत. मी शिफ्ट सोडली आणि गेलो.

ताईंना शेवटची नेसवायला म्हणून मला त्यांच्या घरातून फक्त एक साडी घेऊन यायची होती. पण स्वयंपाकघरात शिरलो आणि थांबलो. तळणीचा वास अजून होता. ओट्यावर तो काळा डबा होता, लाखेचा, गुळगुळीत, झाकणावर पाइनच्या दोन सोनेरी काड्या रंगवलेल्या. आत चकल्या, अगदी ताज्या. शेजारी डबा बांधायला मापात कापून ठेवलेला कागद आणि त्यावर त्यांच्या जुन्या मैत्रिणीचा, मिचिकोचा, जपानचा पत्ता, ताईंच्या शाळामास्तरणीच्या अक्षरात. मला तिथेच रडू आलं. साडी शोधायला मला अर्धा तास लागला.

ह्या डब्याबद्दल सांगायचं तर आधी दुकानाबद्दल सांगायला हवं. नाव लिहीत नाही, कारण ताईसुद्धा कधी घेत नसत, त्या नुसतं 'दुकान' म्हणायच्या. मी पंधरा वर्षांपूर्वी इथे शिकायला आलो आणि त्यांच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली, तेव्हा मला आधी वाटलं होतं की ह्यांचं कुठेतरी किराणा मालाचं दुकान आहे. एकदा मित्राच्या वाढदिवसासाठी मी एक भेट बांधत होतो. ताईंनी दारातून पाहिलं. "अरे समीर, एवढी टेप? पार्सल आहे की अपघातातला पेशंट?" त्यांनी सगळं सोडवलं, कागद तिरका ठेवला, खोकं त्यावर आडवं टाकलं, दोनदा फिरवलं आणि टेपचा एकच तुकडा लावला. मी घड्याळ बघितलं नाही, पण अर्धा मिनिटही लागलं नसेल. मग त्यांनी मला दुकानातला नियम सांगितला. "कागदात बांधून दिलं, की आतलं-बाहेरचं सगळं घेणाऱ्याचं. फडक्यात बांधून नेलं, तर फडकं घडी करून परत करायचं. फडकं देणाऱ्याचं असतं." हे त्यांनी अशा गंभीरपणे सांगितलं की मी होला हो केलं आणि विसरून गेलो.

त्या दिवसापासून मला त्या दुकानाच्या चौकशा करायची खोडच लागली. रोज संध्याकाळी चहाला एक प्रश्न. ताई साताऱ्याला शाळेत विज्ञान शिकवत होत्या. नवऱ्याच्या नोकरीमागे मेलबर्नला आल्या, तर इथे त्यांच्या बी.एड.ला कुणी विचारेना. मग पेपरात जाहिरात आली की शहराच्या मध्यावर एक जपानी डिपार्टमेंट स्टोअर उघडतंय, माणसं हवीत. इंटरव्ह्यूला त्यांच्यापुढे एक खोकं आणि कागद ठेवला. ताईंनी आयुष्यात भेटवस्तू बांधली नव्हती, पण दर जूनमध्ये मुलांच्या वह्यापुस्तकांना कव्हरं घातली होती. त्यांनी खोक्याला पुस्तकासारखं कव्हर घातलं, कोपरे कापून, आत दुमडून. समोरची जपानी बाई ते उलटसुलट करून बघत राहिली आणि मग हसली. ती मिचिको. भेटी बांधायच्या काउंटरवर माणसं तयार करायला तिला जपानहून पाठवलेलं होतं.

ते दुकान मुळात कापडाचं होतं, हे ऐकून मी उडालोच होतो. शेकडो वर्षांपूर्वी एका माणसाने किमोनोचं कापड विकायला घेतलं. गिऱ्हाईक चपला काढून आत यायचं, चटईवर बसायचं, आणि मुलं आतून एकेक ठाण आणून उलगडून दाखवायची. "म्हणजे आपल्या लग्नाच्या बस्त्यासारखंच," ताई म्हणायच्या, "फक्त घासाघीस नाही. सगळ्यांना एक भाव." मग चटया गेल्या, काचेची कपाटं आली, एकावर एक मजले चढले, लिफ्ट आली, वरच्या मजल्यावर खानावळ, तळघरात खाण्याचे पदार्थ. जपानात मुलं रविवारी नुसती लिफ्टमध्ये बसायला यायची म्हणे. मग समुद्राबाहेर पाय टाकला. हाँगकाँग, बँकॉक, सिंगापूर अशा ठिकाणी जपानी दुकानं उघडत गेली. जपानात पैसा उतू चालला होता, जपानी लोक जगभर हिंडत होते, आणि जिथे आपली माणसं जातात तिथे आपलं दुकान हवं, असा एकंदर हिशेब. मी विचारलं, "पण मेलबर्नला का? इथे कितीसे जपानी होते?" ताई म्हणाल्या, "मी मॅनेजरसाहेबांना हाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्हालाही आवडेल." ह्यापेक्षा चांगलं उत्तर मला आजवर कुठल्या कंपनीच्या अहवालात मिळालेलं नाही.

सकाळी दार उघडताना सगळ्यांनी रांगेत उभं राहून पहिल्या गिऱ्हाइकाला वाकून नमस्कार करायचा. ऑस्ट्रेलियन पोरी हसू दाबायच्या, आणि पहिलं गिऱ्हाईक मागे वळून बघायचं, की नमस्कार नेमका कुणाला चाललाय. ताईंना काहीच अवघड गेलं नाही. आणखी एक मजा त्या नेहमी सांगायच्या. काउंटरला खिडकी नव्हती, बाहेरचं काही दिसायचं नाही. म्हणून बाहेर पाऊस आला की दुकानातली गाण्याची धून बदलायची. गिऱ्हाइकांना पत्ता नसायचा, पण काउंटरवाल्यांना कळायचं आणि कागदी पिशव्यांवर प्लास्टिकचं आवरण चढायला लागायचं. ट्रुगानिनातल्या घरात पाऊस लागला की ताई ती धून नकळत गुणगुणायच्या, आणि मी वाळत घातलेले कपडे काढायला पळायचो.

आता डबा. काउंटर नीट चालू लागलं तेव्हा मिचिकोने ताईंना हा डबा दिला, आत तांदळाच्या पिठाची नाजूक मिठाई. दिवाळी जवळ आलेली. ताईंनी डबा धुतला, पुसला, चकल्यांनी भरला आणि लॉकर रूममध्ये मिचिकोच्या हातात ठेवला. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे आपल्या हाडातच असतं. मिचिको जरा गोंधळली, पण तिने घेतला. दोन आठवड्यांनी डबा पुन्हा ताईंकडे, आत खारवलेले आलुबुखार. मग करंज्या गेल्या. मग समुद्री शेवाळाचे कुरकुरीत तुकडे आले, ते मानसीने सगळे संपवले. दहाएक वर्षं हे असंच चाललं. मग जपानातला पैशाचा पूर ओसरला, एकेक परदेशी दुकान आवरतं घेतलं जाऊ लागलं आणि मेलबर्नचंही बंद झालं. शेवटच्या दिवशी सगळे पुन्हा रांगेत उभे राहिले, शेवटचं गिऱ्हाईक बाहेर पडेपर्यंत वाकून. हसू दाबणाऱ्या पोरीच सगळ्यात जास्त रडल्या, असं ताई म्हणायच्या. मिचिको जपानला गेली. डबा तेव्हा तिच्याकडे होता. ताईंना वाटलं, संपलं. पुढच्या वर्षी तो पोस्टाने आला, भरून.

मग वर्षातून एकदा तो समुद्र ओलांडायचा, एका वर्षी इकडे, एका वर्षी तिकडे. महामारी येण्याच्या जरा आधी तो ताईंकडे पोचला होता आणि पाठवायची पाळी त्यांची होती. तेवढ्यात विमानं थांबली. जपानची पार्सलं घेणं बंद झालं. "तू पार्सलवाला ना, तूच सांग, कधी चालू होणार?" त्या मला फोनवर विचारायच्या. मी काय सांगणार, आमच्याकडे टॉयलेट पेपरचे ट्रक वेळेवर निघाले तरी पुष्कळ होतं. पण ताईंनी धीर सोडला नाही. उद्या पोस्ट चालू झालं आणि डब्यात काही नसलं तर? म्हणून त्या दर महिन्याला ताज्या चकल्या करून डबा भरून ठेवायच्या. महिनाभराने त्या शिळ्या व्हायच्या, मग आमच्या दारात एका पिशवीत यायच्या आणि डब्यात नवीन घाण्याच्या भरल्या जायच्या. मी आणि माझी बायको केतकी, आम्ही अख्खा लॉकडाउन जपानच्या चकल्यांवर काढला. एकदा मी म्हटलं, "ताई, एवढा त्रास कशाला? मिचिकोला माहितीये की पोस्ट बंद आहे." त्या दीड मीटरवरून, मास्कच्या वर नुसत्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "अरे, तिचा डबा माझ्याकडे पडून आहे. मला चैन पडत नाही."

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी. मानसीने पडद्यावर पाहिलं. नंतर तिने मला सांगितलं, "मिचिको आन्टींना तूच मेल कर. आय कान्ट." मी लिहिलं. ताई गेल्या, डबा भरून तयार आहे, पार्सलं सुरू होताच पाठवतो, तुमचा डबा सुरक्षित आहे.

पाच दिवसांनी उत्तर आलं. इंग्रजीत, एकेक वाक्य तोलून लिहिलेलं. त्याचा मजकूर साधारण असा होता. तो डबा माझा नाही. तो मी विजयासानना, म्हणजे तुमच्या ताईंना, दिला होता, मिठाईसकट, कायमचा. मी तो दुकानाच्या कागदात बांधून दिला होता. त्यांनी परत आणला तेव्हा मला वाटलं, त्यांना आवडला नाही. मग उघडून पाहिलं तर खाऊ होता. माझी आजीही कुणाचं भांडं रिकामं परत करत नसे, म्हणून मीही भरून दिलं. नंतर खरं सांगावं असं पुष्कळदा वाटलं. पण सांगितलं असतं, तर डबा त्यांच्याच घरी राहिला असता. म्हणून मी तीस वर्षं गप्प बसले. मला क्षमा करा. आता तो मानसीकडे राहू द्या.

मी मेल दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना माझी मागची खोली आठवली, टेपने बरबटलेलं ते पार्सल आठवलं. कागदात बांधून दिलं, की आतलं-बाहेरचं सगळं घेणाऱ्याचं. हे मला ताईंनीच शिकवलं होतं. इतकी वर्षं त्या काउंटरवर उभ्या राहून हजारो खोकी बांधणाऱ्या बाईला आपल्याच डब्याचा नियम कळला नसेल, हे शक्यच नाही. पहिल्या दिवाळीला नसेल ठाऊक. पण पुढे नक्की कळलं असणार... आणि तरीही त्या दर खेपेला 'तिचा डबा' म्हणत राहिल्या. मी मानसीला फोन केला. ती पहिल्यांदाच जरा हसली. "ऑफ कोर्स तिला माहीत होतं," ती म्हणाली. "मी लहानपणी विचारलं होतं, हा आपला का नाही ठेवायचा? तर म्हणाली, गप्प बस, मिचिकोला कळेल." मग म्हणाली, "समीर, तो डबा माझ्याकडे नको. काय करायचं ते तू ठरव."

जपानची पार्सलं आता घ्यायला लागलेत, वेळ लागेल म्हणतात. गेल्या रविवारी ताईंच्या हातच्या त्या शेवटच्या चकल्या, शिळ्या झाल्या की आमच्या ह्या नियमाप्रमाणे, आम्ही चहाबरोबर खाल्ल्या. शेवटची एक बराच वेळ बशीत राहिली, मग केतकीने ती मोडून दोघांना दिली. ताईंच्या बरणीत थोडी भाजणी उरली होती. तिच्या आम्ही चकल्या केल्या, आणि त्या सगळ्या तुटल्या. तसेच तुकडे डब्यात भरले आणि वर चिमूटभर साखर टाकली.

ओट्यावरचा तो मापात कापलेला कागद मी घडी घालून ठेवून दिला. मानसीला विचारून ताईंची निळी सुती साडी काढली, पदराकडचा चौकोनी तुकडा कापला, केतकीने कडा शिवल्या, आणि डबा त्यात गाठ मारून बांधला. फडकं देणाऱ्याचं असतं, हेही ताईंनीच शिकवलं होतं. सोबत मिचिकोला एका ओळीची चिठ्ठी लिहिली. डबा तुम्ही म्हणता तसा ताईंचाच आहे, पण फडकं मानसीचं आहे, तेवढं परत पाठवा.