रजईतल्या नोटा

पांढरकवड्याला पोस्टासमोर एक पिंजारी बसायचा. भुवईवरचा कापूस अंगठ्यानं पुसत एकदा खिडकीशी आला. "बाबू, कराचीले बहिणीच्या औषधाले पैसे धाडाचे हायेत. बँकवाले लय फी सांगून राह्यले."

मी पोस्टातला कारकून, म्हणजे सर्वज्ञ. म्हणालो, "फी कायले भरता? नोटा रजईत शिवा, पार्सल करा." सोबतचं पत्रही मीच लिहिलं. वाटेत कोणी फोडेल म्हणून नोटांचा उल्लेख मोठ्या हुशारीनं गाळला.

दोन महिन्यांनी मेहुण्याचं उत्तर आलं, तेही मीच वाचून दाखवलं. औषधावाचून बहीण गेली होती. रिवाजाप्रमाणे तिची रजई फकिराला दिली होती.

पिंजाऱ्यानं भुवई पुसली. "फी तं वाचली ना, बाबू," म्हणाला आणि समोर जाऊन पिंजायला बसला.

तो टोमणा होता की माझी समजूत घालणं, हे विचारायला मी कधी रस्ता ओलांडला नाही.