मागच्या चाकाची दांडी

आमच्या ग्रुपमध्ये बाईक चार, आणि किस्से किती ते विचारू नका! बाईक नीट चालली तर माणूस घरी येऊन आंघोळ करतो आणि झोपतो, सांगण्यासारखं काही उरत नाही. पण ती रुतली, घसरली, पाण्यात बसली की किस्सा तयार. पुढच्या रविवारी तो दुप्पट मोठा झालेला असतो. गेल्या वर्षापासून मात्र आमचे सगळे किस्से फिरून फिरून एकाच वस्तूपाशी येतात. मागच्या चाकातून आरपार जाणारी, चाकाला धरून ठेवणारी ती हातभर नाही पण वीतभराहून लांब दांडी. ॲक्सल!

मी दातांची डॉक्टर. माहेर कराड, सासर तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली. नवरा रघू बाईकवर बसत नाही, डबे घेऊन कारने मागून येतो. ग्रुपमध्ये माझ्याशिवाय तिघं. मुकुंदअण्णा, आमच्याच गल्लीतले, तंजावुरी मराठी बोलणारे, पंपसेटचं दुकान, वय साठ आणि उत्साह सोळाचा. रेवती, पापनाशमच्या शाळेत शिकवते, मला अक्का म्हणते. आणि शेल्वम, तिरुवैयारुचा शेतकरी. त्याच्या शेतापलीकडे कावेरी. उन्हाळ्यात तिचं पात्र कोरडं पडतं आणि दोन्ही काठांमध्ये नुसती वाळू. तेच आमचं मैदान.

* * *

गेल्या उन्हाळ्यात त्याच वाळूत मी पडले. वेगात होते, बाईकचं मागचं अंग डावीउजवीकडे हलायला लागलं, मी घाबरून थ्रॉटल सोडला आणि पुढच्या क्षणी आकाश दिसलं. डावं मनगट मोडलं होतं, ते मला आवाजावरूनच कळलं.

अण्णा धावत आले. आले ते थेट बाईकपाशी! मागच्या चाकाशेजारी उकिडवे बसले, चाक हलवून पाहिलं आणि म्हणाले, "ॲक्सल! फॅक्टरीचा ॲक्सल बारीक अहे गे. वाकतो. नवा, जाड घालायला पाहिजे."

मी वाळूतून ओरडले, "अण्णा, माझा हात!"

"तो प्लास्टरनं येईल गे. ॲक्सलला कोण प्लास्टर घालणार?"

त्याच अण्णांनी मग स्वतःचं उपरणं फाडून माझा हात गळ्यात बांधला आणि हॉस्पिटलपर्यंत रघूच्या कारमध्ये माझं डोकं धरून बसले. वाटेत कोणी हसलं नाही. 

* * *

हात बरा झाला. क्लिनिक सुरू झालं, दात पूर्वीसारखे निघायला लागले. पण बाईकवर काही मी बसले नाही.

खरं सांगते, मला भीती वाटत होती. आणि भीती वाटते हे सांगायची लाज वाटत होती. मग सबबी! जूनमध्ये कावेरीला पाणी सोडलं, मी सुटले. मग पाऊस. मग घरी पाहुणे. सगळ्या सबबी संपल्या तेव्हा मला अण्णांचं वाक्य आठवलं.

"अण्णा म्हणाले ना, ॲक्सल बारीक आहे. तो बदलल्याशिवाय मी बसणार नाही," मी जाहीर केलं.

रघूने माझ्याकडे पाहिलं, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. सगळं त्या ॲक्सलचंच."

* * *

आता ॲक्सलने खरंच फरक पडतो का? यावर आमच्यात महायुद्ध झालं. रणांगण, शेल्वमच्या ओसरीवरचा नाश्ता.

अण्णांनी दोन इडल्या उभ्या धरल्या, मधून चमचा घातला. "ह्या चाकाच्या दोन बाजू. हा ॲक्सल. चमचा पातळ असला तर इडल्या डुलतात. जाड असला की सरळ!"

शेल्वम शांतपणे सांबार ओतत होता. तो तमिळमध्ये म्हणाला, "अण्णा, चमचा जाड केला म्हणून माझ्या बायकोची इडली मऊ होणार आहे का?"

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "काय म्हणालात?"

त्या दिवशी शेल्वमला तिसरी इडली मिळाली नाही.

* * *

रेवती मात्र बोलत बसली नाही. तिने नवा ॲक्सल मागवला, टोकांना झकास निळा रंग असलेला. बसवून आणला आणि काठावरच्या वाळूत एक चक्कर मारून आली ती नाचतच!

"अक्का, कमाल! मागचं चाक हलतच नाही! वंडी बदलली माझी!" वंडी म्हणजे आमच्याकडे गाडी.

अण्णांनी विजयी मुद्रेने शेल्वमकडे पाहिलं. शेल्वमने वाकून तिचं मागचं टायर अंगठ्याने दाबलं. "यातली हवा कोणी कमी केली?"

"गॅरेजवाल्यानं. म्हणाला, वाळूत चालवता तर एवढी हवा कशाला? आणि चेनसुद्धा वाकडी होती म्हणे, ती सरळ केली."

 टणक टायर वाळूत पसरत नाही, चेन वाकडी असली की चाकही वाकडं बसतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. करायचं तेवढं कोणी केलं नव्हतं!

रेवतीने एकदा टायरकडे पाहिलं, एकदा ॲक्सलकडे. मग म्हणाली, "असू दे. रंग तर छान आहे ना?"

* * *

अण्णा असे हार मानणारे नव्हेत. त्यांनी स्वतःच्या बाईकसाठी ॲक्सल आणला आणि म्हणाले, "परीक्षा घ्या माझी. जुना घाला, नवा घाला, मला सांगू नका. मी बसल्याबरोबर ओळखतो."

कापणी झाली होती. शेल्वमच्या मोकळ्या शेतात परीक्षा ठरली. अण्णांना गवताच्या गंजीमागे बसवलं. शेल्वम आणि रेवती बाईक शेडमध्ये घेऊन गेले. आतून पाना-हातोडीचा दणदणाट. ॲक्सलच्या टोकांना काळी टेप लावून बाईक बाहेर आली. असं तीनदा.

पहिली चक्कर. "जुना! डुलतोय."

दुसरी. "नवा! अहाहा, लोण्यातून सुरी."

तिसरी चक्कर मारून त्यांनी हेल्मेट काढलं, डोळे मिटले. "हासुद्धा नवाच. पण या वेळी नट जास्त घट्ट आवळलाय."

शेल्वमने टेप काढली. तिन्ही वेळा जुनाच ॲक्सल होता! चाकाला कोणी हातच लावला नव्हता. दोघं आत बसून शहाळं पीत होते आणि पाना लोखंडी खाटेवर आपटत होते.

अण्णांनी एक वडा संपवला. मग म्हणाले, "पाहिलंत? म्हणजे माझा जुना ॲक्सलच किती चांगला अहे!"

हसून हसून रेवती गवतात लोळली. मीही हसले, पण अर्धवट. अण्णा हरले म्हणजे माझी सबबही गेली होती. आता मला बाईकवर तरी बसायचं होतं, नाहीतर ती विकायची होती. अण्णांनी माझं तोंड पाहिलं असावं.

* * *

दुसऱ्या दिवशी अण्णा क्लिनिकमध्ये हजर. दात दुखतोय म्हणून खुर्चीत बसले. मी आरसा हातात घेतला तर तोंड उघडण्याऐवजी म्हणाले, "तुझ्यासाठी ॲक्सल मागवलाय."

"अण्णा! कालच तर तुम्ही हरलात!"

"ती माझी वंडी. तुझी वंडी वेगळी. तिला लागतो." आणि मग आ वासला. दात सगळे ठणठणीत होते.

* * *

कावेरी पुन्हा कोरडी झाली तेव्हा अण्णांच्या दुकानात माझी बाईक तयार झाली. शटर अर्धं खाली. मला आत मज्जाव.

रविवारी सकाळी नदीवर सगळे. मी मागचं चाक बघायला वाकले, तर रेवतीने माझ्या डोक्यात हेल्मेटच घातलं. "अक्का, बघायचं काय? बसायचं!"

बसले.  अण्णा म्हणाले, "आता काही हलणार नाही गे. जा."

गेले. मागच्या वर्षी पडले होते त्या जागेपाशी या वेळी थ्रॉटल सोडला नाही, आणि बाईक सरळ, अगदी सुतासारखी पुढे गेली! पलीकडच्या काठाला थांबून मी रडले. हेल्मेट होतं, बरं झालं.

परतताना दिसलं, मी आले त्या रेषेत वाळू मस्त दाबलेली होती. ट्रॅक्टरच्या चाकांचे ताजे ठसे, या काठापासून त्या काठापर्यंत!

"शेल्वम, इथे ट्रॅक्टर कशाला?"

"कलिंगडं बघायला गेलो होतो, डॉक्टरम्मा."

पलीकडे कलिंगडाचा एक वेलही नव्हता.

"पण ॲक्सलनं फरक पडला बरं का!" मी म्हटलं. आणि वर्षभर अण्णांशी भांडणारा तोच शेल्वम गंभीरपणे मान हलवून म्हणाला, "पडला ना! खूप पडला!"

या लोकांचे उपकार मी कसे फेडू? फुकट दात तपासते, तेवढंच.

* * *

परवा अण्णांकडे काफी प्यायला गेले. अण्णा पेपर वाचत होते. कमलावहिनींनी मला देवघराचं चिमुकलं कपाट दाखवायला नेलं. समोर नवा रेशमी पडदा, जुन्या साडीचा.

"पडदा जड, आधीची दांडी सारखी वाकायची गे," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी ही आणून लावली. बघ कशी जाड, चकचकीत! एका टोकाला आटेसुद्धा अहेत, नट लावून घट्ट बसवली."

मी दांडी पाहिली. वीतभराहून लांब.

"कधी लावली, वहिनी?"

"तू पुन्हा वंडी चालवलीस ना, त्याच्या आदल्या दिवशी."

बाहेर अण्णांनी पेपर आणखी वर धरला. म्हणजे मी जुन्याच ॲक्सलवर नदी पार केली होती!

मी पडदा एका बाजूला सरकवला, देवाला हात जोडले. पडदा परत ओढला. कुठे अडकला नाही, हलला नाही, सरळ गेला.

"वहिनी," मी अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "दांडीनं फरक पडतो हो!"