आईची पावलं आणि जर्मन ट्रान्स

परवा औषधाच्या दुकानात दुखण्यावरच्या मलमाचा वास आला आणि सानपाड्याच्या आमच्या जुन्या फ्लॅटमधली एक सकाळ आठवली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते, डॉक्टरांनी वॉकर सोडायला सांगितलं होतं, पण पडण्याच्या भीतीने ती काही सोडत नव्हती. मी हॉलमध्ये लॅपटॉपवर सुरुवातीच्या काळातल्या जर्मन ट्रान्सचं मिक्स करत बसलो होतो. शब्द नसलेलं, एकाच ठेक्यावर हळूहळू चढत जाणारं ते संगीत मला कॉलेजपासून वेड लावायचं. पण एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जायची जागा चार दिवस जमत नव्हती. तेवढ्यात आतून आई ओरडली, "अरे, तिथे ठेका चुकतोय तुझा! माझा पाय अडखळतो." मी चकितच झालो. म्हणजे ती रोज माझ्या संगीतावर बेडरूममध्ये चालायचा सराव करत होती! मी दुसरा ट्रॅक जरासा हळू केला, ठोक्यावर ठोका नीट बसवला आणि ओरडलो, "आता बघ गं!" पहिला ट्रॅक दुसऱ्यात अलगद मिसळला, ठेका कुठेच तुटला नाही, आणि आई दारातून बाहेर आली. वॉकर आतच होता. "बंद करू नकोस हां," असं म्हणत ती खिडकीपर्यंत गेली, वळली आणि हसतच सुटली. मी आवाज वाढवला. नंतर मी पुष्कळ मिक्स केली, त्यांवर माणसं मनसोक्त नाचलीही. पण माझ्या संगीतावर कोणी चालायला लागलं, ते तेवढंच एकदा.