मांडवीचा कावळा
तीळ घातलेल्या भाताचा वास आला की मला रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्याची वाळू आठवते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मिरजोळ्याच्या कारखान्यात आमच्याबरोबर केरळचा एक फिटर होता. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओवायला तोच खांबावर चढायचा आणि खालून हाक जायची, "मद्राशा, सांभाळून रे." तो वरूनच सांगायचा, "मद्रासी नाय, केरळ." तो तापाने गेला. गावी एकटी म्हातारी आई, तिला येणं जमेना, म्हणून दहावं आम्हीच मांडवीच्या वाळूत केलं. पिंड ठेवला. माडांवर कावळे ओरडत होते, पण एकही खाली उतरेना. कोणी म्हणालं, "तुझी ट्रंक आईकडे पोचवतो." दुसरा म्हणाला, "म्हातारीची खबर घेत राहू." कावळे हलले नाहीत. "कोकणातले कावळे ते, मद्राशाच्या पिंडाला कसे शिवतील?" एकजण पुटपुटला, पण कोणी हसलं नाही. ऊन चढलं, भात सुकायला लागला. शेवटी त्याला सगळ्यात जास्त चिडवणारा आमचा म्हातारा फोरमन पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "बाबा, तू केरळचा. आमच्यातलाच. परत तुला मद्रासी कोण म्हणणार नाय." तेवढ्यात एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.कॉम.; असल्या गोष्टींवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. तरी घरात कोणी कुणाला सहज भय्या नाहीतर मद्रासी म्हणालं, की मी आधी खिडकीच्या कठड्याकडे बघतो.