सहा जीबीचे दोन जीबी

बायकोला हे ठाऊक नाही. आईला तर कळणारच नाही. नांदेडला माझ्या हाताखाली काम करणारी पोरं मला लई मान देतात, त्यांच्यापुढं तर तोंडच उघडायचं नाही. तुम्हाला का सांगून राहिलो? माहीत नाही. कुणाला तरी सांगायचं होतं, एवढं खरं.

मी निलंग्याकडचा. भूकंपानंतर आमचं सगळं गाव पत्र्याच्या शेडात राहायचं, त्यात मी वाढलो. लातूरला क्लासेसचं पीक आलं तेव्हा एका मोठ्या क्लासमध्ये कॉम्प्युटरच्या कामाला लागलो. ऑनलाइन टेस्टचे हॉल सांभाळायचे, नेटवर्क बघायचं. माझ्या आधीपासून तिथं शकीलभाई होता. लातूरचाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा. वडलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. केबलला टोक लावायलासुद्धा त्यानंच मला शिकवलं. ईदला त्याच्या घरी जेवायला बसलो की त्याची अम्मी ताटातलं संपूच द्यायची नाही.

तर — एका उन्हाळ्यात क्लासच्या मोठ्या सरांनी फर्मान काढलं. कुठल्या मशीनमध्ये काय आहे, सगळं एका जागी दिसलं पाहिजे. नांदेडची शाखा निघणार होती, तिथंही तेच लावायचं. विकतचं सॉफ्टवेअर नको, मी म्हणालो. ओपन सोर्स आहे, फुकट मिळणारा मूळ सोर्स कोड उतरवून त्याचं चालणारं सॉफ्टवेअर मी स्वतः बांधतो. मशीनच्या पोटात प्रोसेसर कोणता, मेमरी किती, डिस्क किती, सगळं नेटवर्कवरून आपोआप गोळा होईल. बांधतो म्हणजे काय, हे तिथं कुणालाच कळत नव्हतं. मला ते आवडलं. आवडलं म्हणजे काय, छाती फुगली!

आणि सोपं नव्हतं बरं का. बांधण्याआधीची कॉन्फिगरची तपासणी चालवली की कुठलीतरी लायब्ररी नाही म्हणून अडायचं. ती आणा, तिला आणखी दुसरी लागायची. मेक, म्हणजे आता बांध, म्हटलं की पडदाभर लाल एरर. आठवडाभर डोकं फोडून शेवटी ऑफिसातल्या एका जुनाट मशीनवर ते बांधून झालं. सोबतच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, वेगळ्या प्रकारच्या मशीनसाठी वेगळं बांधा. मी वाचलं होतं. पण पुन्हा तो ताप कोण घेणार? जुन्या मशीनवरचं तयार सॉफ्टवेअर तसंच्या तसं उचललं आणि सगळीकडे टाकलं.

पहिला रिपोर्ट आला. एका हॉलमधल्या सगळ्या मशीनला दोन जीबी मेमरी. सहा पाहिजे होती! शकीलभाईनं नुकतीच प्रत्येक मशीनमध्ये जुन्या दोन जीबीच्या जोडीला चार जीबी मेमरीची एकेक नवी पट्टी बसवली होती. नेमक्या नव्याच गायब? तपासायला पाहिजे होतं ना? मी तपासलं नाही. पळतच सरांकडे गेलो. चोर सापडला, तोही माझ्या सॉफ्टवेअरनं, याचाच आनंद जास्त होता.

शकीलभाई तेव्हा मुखेडला सासुरवाडीच्या लग्नाला गेलेला. सरांनी फोनवरच सांगितलं, आता हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही. तो म्हणाला, सर, खोलून तर बघा. ॲडमिशनचे दिवस, पालकांची गर्दी. सरांना तमाशा नको होता. त्यांनी मलाच सांगितलं, तू बघून ये.

मी पहिलं कॅबिनेट उघडलं. जुनी-नवी दोन्ही पट्ट्या जागेवर. दुसरं उघडलं. जागेवर. मग मशीन चालू केलं, पडद्यावर सहा जीबी. चूक काय झाली ते तिथंच उमगलं. जुन्या मशीनवर बांधल्यामुळं माझं सॉफ्टवेअर चार जीबीला पोचलं की स्कूटरच्या मीटरसारखं फिरून शून्यावर यायचं आणि पुढचे दोनच मोजायचं. पुन्हा बांधलं असतं तर दुपारपर्यंत सगळं निस्तरलं असतं.

खाली सरांच्या केबिनमध्ये नांदेडचे भागीदार बसले होते. सर त्यांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हाच पोरगा, यानंच बांधलंय सगळं. मग मला म्हणाले, काय निघालं?

मी म्हणालो, पट्ट्या नाहीत सर.

का म्हणालो? नांदेडच्या शाखेतली वरची जागा पाहिजे होती, हे एक. पण खरं सांगू? त्यापेक्षा लाज जास्त होती. एवढी फुशारकी मारून आता चूक माझीच आहे म्हणायचं? एक वाक्य होतं हो, तेवढंही तोंडातून निघालं नाही.

पुढं तर आणखी वाईट. नव्या पट्ट्या बसवायला बाहेरचा माणूस येणार होता. त्यानं कॅबिनेट उघडलं की माझं पितळ उघडं पडणार. म्हणून रविवारी दुपारी, हॉल रिकामा असताना, मी एकेक मशीन उघडून त्या चार जीबीच्या पट्ट्या स्वतःच्या हातानं काढल्या आणि लातूरजवळच्या मुरुडच्या रस्त्याला एका पडक्या विहिरीत टाकून आलो. तोवर चोरी झालीच नव्हती. ती मी केली. मग सॉफ्टवेअर नव्यानं, नीट बांधलं. आजही चालू आहे ते.

दोन दिवसांनी शकीलभाई माझ्या खोलीवर आला. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाला, "अरे, तू खोलून बघितलंस ना रे? सच सांग. खरंच नव्हत्या?"

"न्हाई भाई. नव्हत्या."

सरांवर त्याचा विश्वास नव्हता, माझ्यावर होता. पट्ट्या बसवताना त्याच्या मदतीला त्याचा भाऊ इरफान होता, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. शेवटी शकीलभाई म्हणाला, "मग इरफाननंच काढल्या." मी काय केलं? पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

त्यानं सख्ख्या भावाला घराबाहेर काढलं. इरफाननं कुराणाची शपथ घेतली, तरी ऐकलं नाही. लातूरच्या कुठल्याच क्लासमध्ये शकीलभाईला पुन्हा काम मिळालं नाही. वडलांच्या दुकानात बसला. मी नांदेडला गेलो, लग्न झालं, पगार वाढला. एकाच शहरात राहून ते दोघं भाऊ बोलायचे बंद झाले. अम्मी एकाकडे राहायची आणि दुसऱ्यासाठी डबा पाठवायची, तोही शेजाऱ्याच्या हातून.

यंदा अम्मी गेली. मी मातीला गेलो. शकीलभाई माझ्या गळ्यात पडून रडला आणि जमलेल्यांना सांगू लागला, हा माझा खरा भाऊ, यानं माझ्यापासून काही लपवलं नाही. इरफान चार पावलांवर उभा होता. दाढी पांढरी झालेली. सगळं ऐकत होता. मग तो जवळ आला. मला वाटलं, आता कॉलर धरतो. धरली असती तर बरं झालं असतं. पण त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं,

"दादा, आज तरी सांगा. तुम्ही स्वतः खोलून बघितलं होतं ना? नव्हत्याच ना आत?"

मी म्हणालो, "हाव. नव्हत्या."

त्यानं मान हलवली आणि आईला माती द्यायला पुढं गेला.